हिवाळ्यातल्या मौन लेखन शिबिराला जावं का, आणि जायचंच तर कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात सात दिवसांचं मौन लेखन शिबिर आहे. रोज झेन पद्धतीच्या ध्यानाच्या बैठका आणि अधूनमधून लेखन. विचारणाऱ्यांनी आजवर ध्यान केलेलं नाही. कादंबरी निम्म्यावर येऊन अडकली आहे, थंडी सोसत नाही आणि एक गुडघा कुरकुरतो. लॅपटॉप न्यावा का, इतकं मौन झेपेल का, आणि या सगळ्याचा कादंबरीला काही उपयोग होईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची तयारी त्याच्यावरच ठरते. कादंबरी पुढे रेटायची, एवढाच हेतू असेल तर या शिबिराला जाऊ नका. कुठेतरी एक खोली घ्या, दार लावा, फोन बंद करा आणि आठवडाभर लिहा. त्यात पानं नक्की जास्त होतील. मौन शिबिरात दिवसाचे बहुतेक तास बसण्यात, चालण्यात आणि झाडलोट-भांडी अशा कामांत जातात. लिहायला मिळतात ते तुकडे, तेही घड्याळ लावून. वेळ मिळत नाही म्हणून कादंबरी अडली असेल तर खोली पुरते. पण वेळ आहे, टेबल आहे, तरीही वाक्य लिहिल्या लिहिल्या खोडावंसं वाटतं, प्रत्येक पान कुणीतरी खांद्यावरून वाचतंय असं वाटतं, अशी अडचण असेल तर मौनाचा उपयोग होऊ शकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. झेन आणि लेखन यांचं नातं जाहिरातीत दिसतं तितकं गुळगुळीत नाही. झेन मठांत काही दिवसांचं सलग ध्यान असतं, त्याला सेशिन म्हणतात. सेशिनमध्ये बोलणं बंद असतंच, शिवाय वाचणं आणि लिहिणंही बहुतेक ठिकाणी बंद असतं. वही हाताशी असली की माणूस अनुभव पुरता येण्याआधीच त्याची नोंद करायला लागतो, हे त्यामागचं कारण. त्यामुळे ‘झेन लेखन शिबिर’ असं ऐकलं की जुन्या वळणाच्या साधकांच्या भुवया वर जातात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. पण झेन गुरू स्वतः भरपूर लिहीत आले आहेत. जपानात सोतो परंपरा रुजवणारे तेराव्या शतकातले डोगेन यांनी बसावं कसं यावर लिहिलं, तसंच मठातल्या स्वयंपाक्याने तांदूळ किती लक्ष देऊन धुवावेत यावरही लिहिलं. बसणं, चालणं आणि लिहिणं एकाच दिनक्रमात बांधायची आजची पद्धत मात्र अलीकडची आहे. ती पसरवण्यात अमेरिकेतल्या नॅटली गोल्डबर्ग यांचा वाटा मोठा. मिनेसोटात त्या दाइनिन कातागिरी या जपानी सोतो गुरूंकडे शिकल्या, आणि लेखनालाच साधना कर, हा सल्ला त्यांना या गुरूंनीच दिला.

दोन्ही बाजू पाहून माझं मत असं झालं आहे की या दोन गोष्टी एका दिवसात शेजारी शेजारी नांदतात, पण एका वेळी नांदत नाहीत. बैठकीत लिहायचं नाही, मनातल्या मनातही नाही. आणि लिहिताना शांत, ध्यानस्थ वगैरे व्हायचा प्रयत्न करायचा नाही. ज्या शिबिरात ही सीमा पुसट ठेवलेली असते, तिथून लोक एकसारखी हळुवार पानं घेऊन परततात: धुकं, पानगळ, श्वास, निःशब्द वगैरे. त्या पानांत लिहिणाऱ्याचा राग नसतो, हेवा नसतो, कुणाचं नाव-गाव नसतं. कादंबरीला तर नेमकं तेच लागतं.

आता बैठकीबद्दल. सोतो पद्धतीत भिंतीकडे तोंड करून बसतात. रिन्झाई या झेनच्या दुसऱ्या परंपरेत तोंड खोलीच्या आतल्या बाजूला, समोरच्या रांगेकडे असतं. डोळे अर्धवट उघडे, नजर खाली जमिनीवर टेकलेली, हात मांडीवर एकावर एक, अंगठ्यांची टोकं हलकेच एकमेकांना लागलेली. नवख्याला काम एवढंच देतात: श्वास एक ते दहा मोजायचे, हिशेब चुकला की पुन्हा एकपासून. ऐकायला पोरकट वाटतं, पण दहापर्यंत पोचायलाही पहिले दोन दिवस नाकीनऊ येतात.

लेखकाला या बैठकीत सगळ्यात जास्त छळतं ते सुचणं. पाय दुखतोय, पाठ वाकतेय, आणि अचानक अडलेल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य समोर येतं, अगदी तयार, आवाजासकट. काय करायचं? घोकायचं नाही. विसरू नये म्हणून मनात तीनदा म्हटलं की उरलेली बैठक त्या वाक्याची राखण करण्यात जाते, आणि त्याला दुसरं वाक्य जोडायचा मोह तर ताबडतोब होतो. सोडून द्यायचं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचं.

ते वाक्य परत येतं का? ‘जे खरं असतं ते परत येतंच’ असा दिलासा शिबिरांत सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. चांगली वाक्यंही हरवतात. पण शांत खोलीत कुठलंही वाक्य भारदस्त वाटतं, हेही तितकंच खरं. तेच वाक्य बैठकीतून उठून घाईघाईने उतरवून ठेवलं आणि संध्याकाळी वाचलं, तर बरेचदा त्यात काही राम नसतो. हरवू द्यायची सवय लागली की हळूहळू दुसरीच एक गोष्ट लक्षात येते: एक वाक्य गेलं तरी सुचणं थांबत नाही. कादंबरी अडलेल्या लोकांचा बहुतेक वेळा याच्यावरचाच भरवसा उडालेला असतो. त्यांनी आहे तेवढं मुठीत घट्ट धरून ठेवलेलं असतं, म्हणून नवीन काही घ्यायला हात मोकळा नसतो.

बैठक आणि लेखन यांच्यामध्ये चालणं असतं, त्याला किनहिन म्हणतात. ते वगळू नका. घंटा झाली की पळत जाऊन वही उघडणाऱ्यांना बैठकीचा फायदाही मिळत नाही आणि लेखनाचाही, कारण ते बैठकीतलंच काहीतरी धरून बसलेले असतात. सोतो पद्धतीत एका श्वासाला अर्धं पाऊल इतकं हळू चालतात. रिन्झाईत बरंच भरभर. थंडीत मला मनातून रिन्झाईवाल्यांचं पटतं.

लेखनाचे नियम बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. वेळ ठरलेली, दहा, वीस किंवा तीस मिनिटं. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. कधी एखादा विषय दिलेला असतो, कधी नसतो. आपल्याला आधीच माहीत असलेलं, आधी कुठेतरी म्हटलेलं पहिल्या काही मिनिटांत संपतं. मग एक कोरडा पट्टा येतो, तिथे लोक पेन खाली ठेवतात. हात चालू ठेवायचा नियम या पट्ट्यासाठीच आहे. ‘काही सुचत नाही, बोटं गारठलीत, शेजारचा सारखा नाक ओढतोय’ असं लिहीत गेलात तरी चालेल. नाक ओढणाऱ्या शेजाऱ्यापासून सुरू झालेली पानं पुढे कुठल्या कुठे गेलेली मी वाचली आहेत.

म्हणून लॅपटॉप नको. हाताने लिहिलं की मेंदूचं अमुक दार उघडतं, अशा दाव्यांत मी पडत नाही. माझी कारणं साधी आहेत. कळफलकाचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू जातो, खोडायची कळ बोटाखालीच असते, आणि एकदा पडदा उजळला की जुनी फाइल उघडल्याशिवाय राहवत नाही. हस्तलिखिताची छापील प्रतसुद्धा घरी ठेवा. पात्रं मात्र तुमच्याबरोबर येणारच. त्यांच्याबद्दल लिहा, पण कादंबरीत जे कधीच येणार नाही असं लिहा: त्या बाईला कशाची लाज वाटते, तो माणूस एकटा असताना कसा जेवतो, त्यांच्या घरातली कुठली वस्तू मोडली आहे आणि ती कुणी दुरुस्त करत का नाही. कथानकाला हात लावायचा नाही. सातव्या दिवशी नवं प्रकरण हाती नसेल, पण ही माणसं तुम्हाला जास्त कळलेली असतील, आणि पुष्कळदा गाडं अडलेलं असतं ते तिथेच.

मौन झेपेल का, या प्रश्नात लोकांना भीती असते ती न बोलण्याची. प्रत्यक्षात न बोलणं दीड-दोन दिवसांत सोपं होतं. काहींना तर सुटका झाल्यासारखं वाटतं. जड जातं ते त्याच्याबरोबरचं बाकीचं: फोन नाही, वाचायला काही नाही, नजरेला नजर देऊन हसणंही नाही. जेवताना समोरच्याला मीठ हवंय हे ओळखून पुढे करायचं, आणि त्याने मान तुकवली तर तेवढंच. इथे एक गंमत लक्षात येते. आपण दिवसभर मनात कुणाला तरी सांगत असतो. ‘आज काय झालं माहितेय का’ अशी सुरुवात असलेलं भाषण, एका ठरावीक माणसाला उद्देशून, त्याला काय आवडेल, तो कुठे हसेल याचा अंदाज घेत. मौनात हे भाषण आधी चढतं, तिसऱ्या दिवसाच्या आसपास त्याचा आवाज कानठळ्या बसवतो, आणि मग कुणाला सांगायची सोयच नाही म्हटल्यावर ओसरायला लागतं. खांद्यावरून वाचणारा माणूस म्हणजे हाच. तो उठून गेला की जे लिहिलं जातं त्याचा पोत वेगळा असतो. सगळ्यांच्या बाबतीत सात दिवसांत तो जातोच असं नाही. पण तो नेमका कोण आहे, आई, जुना मास्तर की एखादा समीक्षक, हे बहुतेकांना कळतं.

काही शिबिरांत संध्याकाळी लिहिलेलं मोठ्याने वाचतात. ऐकणारे काहीही बोलत नाहीत, दाद नाही की टीका नाही. हे मौनाविरुद्ध नाही, उलट त्याचाच भाग आहे. वाचायची सक्ती मात्र नसावी. शिवाय शिक्षकाशी एकांतात थोडा वेळ बोलायची सोय असते. ती वापरा, आणि तिथे शहाण्यासारखं बोलायचा आटापिटा करू नका. झोप येत नाही, कंटाळा आलाय, घरी जावंसं वाटतंय, हे सांगण्यासाठीच ती वेळ आहे.

आता थंडी. झेनमध्ये हिवाळ्याला मान आहे. बुद्धांना पहाटेचा तारा पाहून बोध झाला, असं परंपरा मानते. त्या स्मरणार्थ जपानी मठांत १ ते ८ डिसेंबर असं रोहात्सू सेशिन होतं, वर्षातलं सगळ्यात कडक. काही रिन्झाई मठांत तो आठवडाभर भिक्षू आडवेही होत नाहीत. या कथा ऐकून काही आयोजकांना वाटतं की शिबिरार्थी कुडकुडले तरच ते खरं झेन. डोगेन यांचं मत तसं नव्हतं. १२४३ च्या हिवाळ्यात, जपानातल्या एचिझेन प्रांतातल्या बर्फाळ डोंगरांत भिक्षूंना झाझेन, म्हणजे बसून करायचं ध्यान, कसं करावं ते सांगताना त्यांनी जागेबद्दलही सूचना दिल्या: झुळूक आणि धूर आत येऊ देऊ नये, पाऊस-दव गळू नये, जागा अंधारी नसावी, हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार ठेवावी. बर्फात राहणारा माणूस हे सांगतोय. तेव्हा ‘थंडी हाच गुरू’ असं कुणी ऐकवलं तर खुशाल शाल मागा.

स्थिर बसलेलं शरीर फार कमी उष्णता तयार करतं, आणि पहाटे शरीराचं तापमान तसंही दिवसातलं सगळ्यात कमी असतं. त्यामुळे चालताना पुरे वाटणारे कपडे पहाटेच्या बैठकीत पुरत नाहीत. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, म्हणजे चालताना एखादा उतरवता येतो. कपडे सैल असावेत, विशेषतः गुडघ्यामागे आणि कमरेला. सळसळणारं जाकीट नेऊ नका, तुमच्या प्रत्येक श्वासागणिक ते खोलीशी बोलत राहील. गुडघ्यांवर आणि मांडीवर लोकरीची शाल, पायात जाड मोजे. हात शालीच्या आत ठेवा. मुद्रा कुणाला दिसली नाही तरी बिघडत नाही, आणि लगेच पुढे लिहायचं असतं. थंडीत शरीर आतले अवयव उबदार ठेवायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, म्हणून बोटं आधी कडक होतात. बिनबोटांचे हातमोजे इथे कामाला येतात. बॉलपेनची तेलकट शाई थंडीत घट्ट होऊन अडकते. दोन पेन्सिली टोक करून ठेवाव्यात. पाणी पीत राहा. हिवाळ्यात तहान लागत नाही, आणि दुपारी येणाऱ्या डोकेदुखीला लोक उगीच आध्यात्मिक अर्थ लावत बसतात.

एका बाबतीत अजिबात भीड ठेवू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा चिमणी नसलेला कुठलाही जळता हीटर लावून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो उठवत नाही. मौन मोडून विचारायची ही गोष्ट आहे.

डोकेदुखीचं दुसरं कारण चहा-कॉफी. रोज चार कप घेणाऱ्याने शिबिरात एकदम बंद केलं तर शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि दुसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. म्हणजे नेमके सुरुवातीचेच दिवस वाया. दहा दिवस आधीपासून एकेक कप कमी करा.

गुडघ्याबद्दल. पद्मासन घालायलाच हवं असं काही नाही. मांडी घालून बसताना पाय फिरतो तो खुब्यातून. खुबा आखडलेला असेल तर तो पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा त्यासाठी बनलेला नाही. नितंब गुडघ्यांपेक्षा उंच राहतील इतकी जाड उशी घ्या आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकू द्या. टेकत नसतील तर खाली घडी घातलेलं कापड सरकवा. तेही जमत नसेल तर दोन पायांमध्ये उशी घेऊन वज्रासनासारखं बसा, किंवा सरळ खुर्ची घ्या, तळवे जमिनीवर टेकवून, पाठ न टेकता. खुर्चीवरचं झाझेन कमी प्रतीचं नसतं. पायाला मुंग्या येणं म्हणजे बहुतेक वेळा नसेवरचा दाब. हालचाल केली की जातं. पण बधिर पायावर एकदम उभं राहू नका, घोटा मुरगळतो. गुडघ्यात तीक्ष्ण कळ आली तर त्याच क्षणी मांडी मोडा. दुखणं सहन करण्यातून काही साधतं असं मानणारे शिक्षक आहेत, पण सांध्याची दुखापत ही साधना नव्हे.

प्रश्नात नाही, पण सांगायलाच हवं: हिवाळ्यात उजेड कमी, आणि काहींचं मन दरवर्षी याच दिवसांत खचतं. त्यात सलग मौन. नुकतंच कुणी जवळचं गेलं असेल, नैराश्याचा काळ चालू असेल, पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि आयोजकांना लेखी कळवा. चालू औषधं शिबिरासाठी थांबवायची नाहीत. मौनात जुन्या गोष्टी वर येतात, लेखनात त्या कागदावर येतात, आणि दोन्ही एकत्र आलं की वेग कधी कधी पेलवत नाही. तेव्हा वही मिटून बाहेर चालायला जाणं, स्वयंपाकघरात भाजी चिरायला बसणं हे पळून जाणं नव्हे.

तयारी म्हणून आतापासून रोज वीस मिनिटं बसा आणि त्यानंतर दहा मिनिटं हात न थांबवता लिहा. दोन आठवडे पुरेत. याचाच वैताग येत असेल तर ते आताच कळलेलं बरं.

परतल्यावर वही लगेच वाचू नका आणि कादंबरीबद्दल पहिल्या आठवड्यात कुठलाही निर्णय घेऊ नका. शिबिरातून आलेल्या माणसाला सगळंच लख्ख दिसतंय असं वाटतं, आणि त्या भरात चांगली प्रकरणंही फाडली जातात. तीन-चार आठवड्यांनी वही काढा, हातात पेन न घेता वाचा, आणि जिथे अक्षर बिघडलंय त्या जागा नीट पाहा. घाईत अक्षर सुटतं ते बहुधा महत्त्वाच्या ठिकाणी.

सात दिवसांबद्दल माझं उत्तर ‘नको’ आहे. पहिल्या खेपेला तीन दिवसांचं घ्या, पुढच्या हिवाळ्यात सात. आणि कुठलंही असो, पैसे भरण्याआधी विचारून घ्या: बसायची खोली गरम कशी ठेवतात, खुर्ची मिळते का, शिकवणारे स्वतः कुणाकडे शिकले, रात्री काही झालं तर कुणाचं दार वाजवायचं, आणि मध्येच निघायचं ठरलं तर परतायची सोय काय. शेवटच्या दोन प्रश्नांवर ‘तशी वेळ येत नाही’ असं उत्तर मिळालं तर दुसरं शिबिर शोधा.